रिकामी पळणारी पोरगी

दोन वर्षं नांदेडच्या मैदानावर मी माझ्या बास्केटबॉलच्या पोरींना ओरडून सांगत आलोय, बॉल हातात नसेल तेव्हाच जास्त पळा. त्या कमरेवर हात ठेवून म्हणणार, ‘बॉल तिच्याकडं हाय ना सर, मग मी कशाला रिकामी पळू?’ आता सगळं जग लांबून, तीन गुणांच्या रेषेमागून बॉल टाकतंय. पण तिथली जागा कुणाला तरी पळून मोकळी करावी लागते, हे सांगून माझा घसा बसला.

कळलं ते एकीलाच. लातूरच्या सामन्यात ती सारखी कोपऱ्याकडं पळायची, समोरच्या दोघी तिच्यामागं धावायच्या आणि आमची दुसरी पोरगी निवांत तीन गुण घ्यायची. जिंकलो.

तर तिचे वडील मोबाइल घेऊन तणतणत आले. ‘सगळा खेळ शूट केला सर. माझी पोरगी एकदा बी दिसली नाही. नुसती रिकामी पळवता व्हय तिला?’

माझं डोकंच फिरलं. ‘अहो, मोबाइल बॉलच्या मागं फिरवल्यावर ती दिसणार कशी?’

त्यांनी व्हिडिओ पुढं धरला. शेवटी मी होतो, बॉल टाकणारीची पाठ थोपटताना. ती तिथंही नव्हती.