हौसा कुठे गेली?

पासलीच्या आमच्या काकूइतका धक्का मला आजवर कुणीही दिलेला नाही, आणि मी एकदा विजेचा खांब ओल्या हाताने धरलेला माणूस आहे. जन्मभर जिने थोरामोठ्यांपुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती बाई जर्मनीला लेकाकडे राहून आली आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवर तिने जाहीर केले, ‘‘आजपास्नं मला मंगल म्हणायचं न्हाई. माजं नाव हौसा हाय.’’ काकांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. काकूला लग्नाआधी दुसरे नाव होते, हेच आम्हा पुतण्यांना ठाऊक नव्हते. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘मंगल’ लिहिले, आणि हौसा बहुधा त्याच तांदळासोबत शिजून गेली.

तिकडे जाऊन ती बिघडली म्हणावे, तर तेही नाही. गोऱ्या सुनेने पहिल्याच सकाळी ‘मंगल, चहा?’ असे विचारले, तेव्हा सासूला नावाने हाक मारली म्हणून काकू दिवसभर जेवली नाही. विहीणबाई एकट्या राहतात आणि पोटची लेकसुद्धा त्यांच्याकडे विचारून येते, हे कळल्यावर तर तिला रडूच फुटले. ती त्यांना रोज डबा पाठवू लागली. त्याच विहिणीने एकदा ताटातल्या तांदळाची हकिगत ऐकली आणि काकूच्या लेकामार्फत विचारले, ‘‘मग हौसा कुठे गेली?’’ तो प्रश्न घेऊनच काकू गावी परतली.

मग तिने गावाला भंडावून सोडले. फोनवर कुणी ‘मंगलबाई आहेत का?’ विचारले, की ‘त्या वारल्या’ म्हणून ठेवून द्यायची. ते ऐकून पानशेतची नणंद टेम्पोतून रडत आली आणि काकूला ओसरीवर तांदूळ निवडताना पाहून मटकन खाली बसली. शेवटी गावाने तोडगा काढला: काकूला हाकच मारायची नाही, जवळ जाऊन बोलायचे.

मी विचारले, ‘‘काकू, तुला तिकडच्यासारखं राहायचंय का?’’

‘‘छ्या! तितं नाव हाय, पर हाक मारायला घरात कुणी न्हाई. हितं घर भरलंय, पर हौसा म्हणणारी समदी गेली रं. आई, बा, भाऊ. तुज्या काकांनी येकदा जरी हाक मारली, तरी मी व्हते म्हणायची.’’

काका मात्र ‘अगं ए’च्या पुढे जाईनात. ‘‘लोकं काय म्हंतील?’’

यंदा भातलावणीला बायका चिखलात वाकल्या होत्या. काका बांधावरून ओरडले, ‘‘अगं ए!’’ सगळ्या वळल्या, काकू नाही. काकांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली, ‘‘हौसाऽऽ!’’

माझ्या हातातली रोपांची जुडी खाली पडली. बायकांचे हात जागीच थांबले. काकू तेवढी लावत राहिली. मला वाटले, रुसली. जवळ जाऊन म्हणालो, ‘‘काकू, तुला हाक मारली.’’

‘‘मला?’’ चिखलाचा हात तसाच तिच्या तोंडावर गेला. इतकी वाट पाहिलेली हाक आली आणि तिच्या कानांना ती ओळखताच आली नव्हती. मला फार वाईट वाटले.

‘‘अवो,’’ ती बांधाकडे बघून म्हणाली, ‘‘परत येकदा मारा की.’’

आता मात्र काका लाजले. त्यांचे नुसते ओठ हलले. आम्हाला काहीच ऐकू आले नाही, पण काकूने ओ दिली.