एकनाथ तांडेलचं पाण्याचं पिंप

एकनाथ तांडेलला तारीख विचारली की तो तिथी सांगतो. सोसायटीच्या अर्जावर त्याच्या जन्मतारखेच्या रकान्यात ‘नारळी पुनवेआधीची एकादस’ असं लिहिलेलं आहे, आणि ते माझ्याच अक्षरात आहे, कारण अर्ध्या तासाच्या हुज्जतीनंतर माझा धीर संपला होता. केळव्याजवळच्या एका कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी. पालघरहून रोज एस.टी.ने येतो, रजिस्टरं नीट ठेवतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत.

एकनाथची तिथी चुकत नाही, हेच दुखणं. इथली डोलजाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि पाण्याचा ओढा मासळी आत लोटतो. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा मासळी. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी मंद, बोटी किनाऱ्यावर. पंधरा दिवसांचं हे चक्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वरच्या कचेरीला नाही.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं आणि इकडे डिझेलला रेशन लागलं. कोटा आठवड्याचा, सोसायटीच्या टाकीतून कुपनावर. शनिवारपर्यंत उचल केली नाही तर रद्द. भांगेच्या आठवड्यात कोणी उचल केली नाही. वरून पत्र आलं: मागणी कमी दिसते, सबब कोटा चतुर्थांशाने कमी करण्यात येत आहे. मी तीन पत्रं लिहिली, भरती-ओहोटीचा तक्ता जोडला. उत्तर एका ओळीचं: ‘तिथीनुसार वाटपाची तरतूद नाही.’

कोजागिरीच्या उधाणाला एकनाथची बोट डिझेलअभावी अर्ध्या वाटेतून परतली. जाळी कोरडीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा.

“शेक्रेटरीभाऊ, आता दिवालीची अवस. तीपण चुकली तर माझे सहा खलाशी त्या आनंदा तांडेलच्या बोटीवर जातील. खलाशी गेले की बोट म्हंजे निस्तं लाकूड.”

“मी काय करू? जगातच तेल कमी झालंय, तांडेल. जमिनीखालचा साठा काही अक्षय नाही.”

“आमच्याच समिंदरातून काढतात ना? रातचा त्या तेलविहिरींवर पेटलेला जाल दिसतो आमाला.”

“त्यात देशाचं भागत नाही. आणि तेही कधीतरी संपणारच.”

“मासलीपण संपतेच हाय,” तो म्हणाला. “बापूस वल्हवत जायचा नि टोपल्या भरून आणायचा. मी पाच तास इंजिन चालवतो तवा कुठं चार बोंबील. जितकी मासली कमी, तितकं डिझेल जास्ती. तुमच्या कामर्समध्ये याला काय म्हंतात?”

माझ्या कॉमर्समध्ये याला काही म्हणत नाहीत.

पुढच्या भांगेत मात्र एकनाथने रोज उचल केली. बोट वाळूवर, आणि हा कॅन घेऊन दारात. मी विचारलं नाही. घरात डिझेल साठवणं गुन्हा आहे. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

धनत्रयोदशीच्या दुपारी तो शेवटच्या कुपनासाठी आला. दोनच दिवसांपूर्वी डिझेलचे भाव एका फटक्यात चढले होते, खोलीत आरडाओरडा चालू होता. एकनाथने सहीखाली लिहिलं, ‘तेरस’.

“तारीख लिही.”

“ओहोटी लागली, भाऊ! बोट निघायची हाय!”

“तारखेशिवाय कुपन नाही.”

पंचवीस मिनिटं गेली. शेवटी तारीख लिहून तो धावतच सुटला.

पुढचं मला पाचव्या दिवशी त्याच्या देवू खलाशाने सांगितलं. “पानी भराचं काम माजं. पिंप ठोकून बगितलं, तर भरलेलं. मला वाटलं, तांडेलनं भरलं. चार तास गेल्यावर चायला पानी काढलं, तर डिझेल! आमी सहा जन तांडेलकडं बगतो नि तांडेल आकाशाकडं.”

भांगेत साठवलेलं डिझेल त्याने बोटीवरच दडवलं होतं; साठा शोधायला येणारा तपासनीस पाण्याच्या पिंपात डोकावणार नाही, हा एकनाथचा हिशेब. पाण्यासाठी दुसरं पिंप चढवायचं नि देवूला सांगायचं, एवढंच बाकी होतं. ती पंचवीस मिनिटं माझ्या टेबलावर गेली.

“मग परत फिरलात?”

“परत? मी बोललो, फिरवा. तांडेल बोलतो, फिरलो तर तुमी दिवालीनंतर आनंदाकडं. शेजारच्याच खुंटावर आनंदाची बोट. त्याच्याकडं पानी भरपूर, डिझेल घरी पोचण्यापुरतंबी नाय. तो वरडला, ‘एकनाथ, काय पितोस रे?’ तांडेल बोलला, ‘तुला पायजे तेच!’ मग काय, एक कॅन डिझेल, दोन कॅन पानी. आमी चार दिवस राह्यलो. जाळी भरली.”

“आणि खलाशी?”

“जातोय कुठं? पन आता पानी मीच भरनार.”

संध्याकाळी एकनाथची बायको मंजुळा आली. ते पिंप तिने डोक्यावरून उतरवून माझ्या टेबलासमोर आदळलं.

“तीनदा राखेनं घासलं. वास जात नाय. तुमच्या त्या शनिवारच्या नियमापायी नासलं. नवं द्या.”

“सोसायटीत तशी तरतूद नाही,” मी म्हणालो.

म्हणालो, आणि स्वतःचाच संताप आला. ती गेल्यावर मी कपाटातून डिझेल-रेशनचं मूळ परिपत्रक काढलं. चार वेळा वाचलेलं. पाचव्यांदा वाचताना तळटीप दिसली: उचल म्हणजे कुपनावर सोसायटीचा शिक्का. डिझेल टाकीतून कधी काढायचं, याबद्दल अवाक्षर नाही. शनिवारी शिक्का मारायचा, डिझेल सोसायटीच्याच टाकीत ठेवायचं, उधाणाला द्यायचं. सगळं कायद्यात.

पुढच्या भांगेच्या शनिवारी मी प्रत्येक बोटीच्या कुपनांवर शिक्के मारले आणि सगळ्यांना रिकाम्या हाती घरी पाठवलं. एकनाथने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे हे पयल्या दिवसापासून जमत व्हतं?”

“होय.”

“नि आमी पिंपं भरत बसलो.”

नवं पिंप मी पालघरच्या बाजारातून माझ्या पैशाने आणून दिलं. जुनं माझ्या टेबलाखाली आहे. दुपारी ऊन आत आलं की वास येतो.