वाढीव वस्तीतला मळा

आमचा मळा कारंज्याच्या वेशीबाहेर, कापसाच्या जिनाच्या मागच्या अंगाला होता. लग्न होऊन मी आले तेव्हा तिथे वांगी, मुळे, सांभार म्हणजे कोथिंबीर, अंबाडी असं सगळं व्हायचं. हे, म्हणजे माझे यजमान, उजाडता मोट जुंपायचे. मी पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायची आणि ऊन तापायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायची. माळ्याच्या घरात यात नवल काही नाही. पण यांच्या डोक्यात संत्र्यांनी घर केलं होतं. आसेगावकडे कुणाची तरी बाग फळावर आलेली पाहून आले आणि तेव्हापासून जेवताना संत्री, झोपताना संत्री. भाजी माणसाला जन्मभर वाकवून ठेवते, संत्रं उभ्यानं तोडता येतं, असं ते म्हणायचे. माझी कंबर तेव्हाच धरू लागली होती, त्यामुळे मलाही ते पटायचं.

त्या उन्हाळ्यात यांनी कलमांसाठी खड्डे खणले. खड्ड्यांना ऊन खाऊ द्यायचं, मग शेणखत भरायचं आणि पावसाच्या तोंडावर कलमं लावायची, की पाचव्या वर्षी फळ हाती, असा बेत होता. खड्डे उघडेच होते, तेवढ्यात साखळी आणि लाल झेंड्या घेऊन माणसं आली. त्यांच्याबरोबर टोपी घातलेले एक साहेब होते. त्यांनी बांधावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर आमचीच ढेकळं ठेवली आणि समजावून सांगितलं. गाव वाढतंय. जिनांत आणि कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये कामाला खेड्यांतून लोक येताहेत, एकेका खोलीत दोन दोन बिऱ्हाडं राहताहेत. आणखी वीस वर्षांनी ही माणसं कुठे राहतील याचा विचार आजच करायला हवा. म्हणून इथे वाढीव वस्ती होणार, प्लॉट पडणार, आणि मळ्याच्या मधून, विहिरीला लागून, मोठा रस्ता जाणार.

साहेब वाईट नव्हते. पाणी मागून प्यायले, विहिरीचं कौतुक केलं. जाताना म्हणाले, जमीन घेतली जाईल तेव्हा मोबदला मिळेल, तोवर खुशाल पिकं घ्या. मात्र आता नवी झाडं लावली, विहीर खोल केली, घराला एखादी खोली वाढवली, तर त्याची भरपाई मिळणार नाही. यांनी विचारलं, रस्ता कधी होणार. साहेब म्हणाले, मंजुरी आली की. साखळीवाल्यांनी खुणेचे दगड रोवले आणि सगळे निघून गेले. पाऊस तोंडावर आला तसे यांनी खड्डे बुजवले आणि वरून मेथी फेकली.

मेथी महिनाभरात हाती येते. त्या वर्षापासून आम्ही तेवढ्याच पल्ल्याची पिकं घेऊ लागलो. मेथी, पालक, मुळे, सांभार. उद्या रस्ता आला तरी आजची पेंढी विकलेली असेल, असा हिशोब. वांगीसुद्धा यांना लांबची वाटायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीची एक बाजू ढासळली. मी म्हटलं, बांधून घेऊ. यांनी एवढंच विचारलं, कायले, म्हणजे कशाला. मळ्यातल्या आमच्या घरावरची कवेलू फुटली, तेव्हाही कायले. गोठ्याचा खांब वाळवीनं खाल्ला, कायले. हा शब्द आमच्या घरी असा मुक्कामाला आला की मला त्याचा वीट आला. नातेवाईक मात्र खुशीत होते. लग्नाकार्यात भेटले की म्हणायचे, तुमी तं आता शहरातले झाले, आमाले वळखसान का? मी हसून घ्यायची, दुसरं काय करणार?

खरी पंचाईत बाजारात व्हायची. गाव वाढत होतं हे काही खोटं नव्हतं. दर वर्षी माझ्या टोपलीसमोर नवे चेहरे यायचे आणि त्यांच्यामुळे माझी मेथी उन्हं उतरायच्या आत संपायची. त्यांतली एक बाई इंझोरीकडून आलेली, नवराबायको दोघंही जिनात कामाला. एका अडत्याच्या गोदामामागे, जिथे आधी बैल बांधायचे, तिथे ती दोन लेकरं घेऊन राहत होती, आणि मध्ये नुसतं गोणपाट टांगून पलीकडे दुसरं बिऱ्हाड. आमच्या मळ्यात प्लॉट पडणार हे तिला कुठूनसं कळलं होतं. दर बाजारी ती पेंढी निवडता निवडता विचारायची, पडले का प्लॉट. एकदा म्हणाली, "बाई, मले तुमच्या इहिरीजवळचा पाह्यजे. पान्याची वणवण तरी सरन."

मला भयंकर राग आला. माझी विहीर, माझा पाट, आणि ही इथे बसून जागा निवडते आहे! पेंढी तिच्या हातातून ओढून घ्यावी असं वाटलं. पण तिच्या धाकट्याला गोदामातल्या धुळीचा खोकला लागला होता, तो तिच्या मांडीवर खोकत होता. मी पेंढीत वरून दोन काड्या जास्त घातल्या. पुढे आमची ओळख चांगली वाढली. तिला घर हवं होतं, मला बाग हवी होती, आणि दोघींनाही एकाच रस्त्याची वाट पाहायची होती. तो आला तर तिचं भलं, नाही आला तर माझं. तो येतही नव्हता आणि जातही नव्हता.

मधेच आमचं राज्य बदललं. नागपूरचं बोट सुटलं, मुंबईचं धरलं. यांनी कचेरीत जाऊन विचारलं तर कळलं, कागद इकडून तिकडे गेले आहेत. घरी येऊन हे बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग मीच उचल खाल्ली. म्हटलं, लावून टाकू संत्री. रस्ता येईल तेव्हा येईल, भरपाई गेली खड्ड्यात. तेव्हाच लावली असती तर आतापर्यंत फळं विकली असती. यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पोटच्यासारखं वाढवाव आन् त्यायनं येऊन उपडाव, ते पाह्याची ताकद नाई मले." त्यानंतर मी संत्र्यांचं नाव काढलं नाही.

ती इंझोरीची बाई एका दिवाळीनंतर बाजारात दिसली नाही. जिनातल्या दुसऱ्या एका बाईनं सांगितलं, धाकटं गेलं, आणि ती बिऱ्हाड उचलून गावी परत गेली. त्या दिवशी मी अर्धी टोपली तशीच घरी आणली.

शेवटी एक नवे साहेब आले. तरणे होते, सायकलवर आले होते. त्यांनी मळ्यातले ते खुणेचे दगड शोधून काढले आणि सांगितलं की वाढीव वस्ती आता गावाच्या दुसऱ्या अंगाला होणार, तिकडे मुरमाड आहे. इथली जमीन काळी, घरांचे पाये फुटतात. तुमचा मळा मोकळा झाला, आता हवं ते करा. यांनी हात जोडले. मला विचारावंसं वाटलं, की बाबा, ही जमीन पहिल्या दिवशी कोणत्या रंगाची होती? पण त्या पोराला काय बोलायचं, तो नुसता निरोप घेऊन आला होता.

ते गेल्यावर माझ्या अंगात आलं म्हणा ना. मी चुलीवर भाकरी टाकता टाकता बोलत सुटले. कलमं कुठून आणायची, विहीर आधी बांधायची की नंतर, पहिली दोन-तीन वर्षं झाडांच्या मधून भाजी कशी घ्यायची. कितीतरी दिवसांनी माझा आवाज मलाच मोठा वाटला. हे भिंतीला टेकून ऐकत होते. जेवले, हात धुतले. मला वाटलं, आनंदानं गप्प आहेत.

सकाळी पाहते तर मळ्यात वाफे पाडत होते. जिथे एकदा खड्डे खणले होते तिथेच, लहान लहान, मेथीचे. मी बांधावरून विचारलं, हे काय, संत्री नाही का लावायची? यांनी कुदळ टेकवली. दाढी पांढरी झाली होती, ती मी जणू त्या दिवशीच पाहिली.

"पाच वर्सं पुढचं आता मले दिसतच नाई," ते म्हणाले. "महिन्याचं दिसते. बी हाय का घरी?"

मला भांडायचं होतं. तोंडात शब्द होते, पण मी पाच वर्षांनंतरची बाग डोळ्यांपुढे आणू पाहिली आणि मलाही पुढच्या बाजाराच्या पलीकडे काही दिसेना. मी घरात गेले आणि मेथीचं बी घेऊन आले.