बिनचूक आणि बंबखाना

नव्या घरात येऊन मला जेमतेम पाऊण तास झाला होता. वडिलांचा फोटो लावावा म्हणून मी भिंतीत एक खिळा ठोकायला घेतला. पहिला घाव घातला, दुसऱ्यासाठी हात उचलला, आणि दारावर अशी थाप पडली की शेजारच्या तीन इमारतींवरची कबुतरं उडाली, रस्त्यावरची एक मोटार जागीच थांबली आणि हातोडी माझ्या अंगठ्यावर आली. एका पायावर नाचत दार उघडलं. समोर एक काटकुळे गृहस्थ. कडक इस्त्रीचा सदरा, एका हातात ओळंबा, दुसऱ्या हातात सपाटी बघायची पाणसळ, कानावर पेन्सिल. पृथ्वी तयार झाल्यावर ती नीट बसली आहे का ते बघायला देवाने ज्या इसमाला पाठवलं होतं, तो ती पाहणी अर्धवट टाकून माझ्याकडे आला होता.

"खिळा डावीकडे गेला," ते म्हणाले.

"तुम्ही बघितलात कुठे?"

"बघायचं कशाला? खाली ऐकू आलं. माझा दिवा छताच्या बरोबर मध्यावर आहे. तुमचा घाव त्याच्या डाव्या अंगाला पडला. सव्वादोन इंच उजवीकडे घ्या."

जिन्यातून एका बाईंचा आवाज आला, "अहो, माणसाचा अंगठा सुजलाय, तो आधी बघा!"

"तो मापात नाही आता," गृहस्थ म्हणाले आणि थेट आत आले.

तो फोटो आजही इतका सरळ आहे की शेजारी उभं राहिलं की आपणच कललोय असं वाटतं.

त्यांना सगळे बिनचूक म्हणत. नगरपालिकेच्या नकाशाखात्यात ते चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, आणि या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही अशी ख्याती होती. ख्याती त्यांनीच पसरवली होती हे खरं, पण खोडून काढायला कुणी पुढे आलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्यांना 'बिनचूक' म्हटलं. ते शाल घेऊन खाली बसले नाहीत. साहेबांच्या भाषणात त्यांच्या नोकरीची तारीख एका दिवसाने चुकली होती, ती दुरुस्त करून मगच बसले.

घरी त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, हाल काय सांगावेत! पडद्याच्या चुण्या सारख्या अंतरावर हव्यात. चादर पलंगाच्या दोन्ही बाजूंना सारखी लोंबली पाहिजे. काकू म्हणायच्या, "आमचं लग्न ठरलं तेव्हा यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं आवडले. नंतर कळलं, माझ्या मागची खिडकी तिरकी होती."

काकूंची जीभ अशी होती आणि बिनचूक तिला कधी उलट उत्तर देत नसत. वाक्यात एखादा आकडा चुकला तरच बोलत.

त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट होती जी ते मोजत नसत. आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेला जुना बंबखाना. आगीचे बंब केव्हाच शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत गेले होते. मागे राहिली होती ती तीन प्रचंड लाल दारं, ओले पाइप टांगून वाळवायचा उंच मनोरा, आणि वरच्या मजल्यावरून थेट बंबापाशी उतरायचा पितळी खांब. बिनचूक यांचे वडील तिथे बंबवाले होते. वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. त्यातल्या दुसऱ्या खोलीत बिनचूक जन्मले. घंटा वाजली की वडील अर्धा घास तोंडात घेऊन खांबाला मिठी मारायचे आणि दिसेनासे व्हायचे. "मला पाच वर्षांचा होईपर्यंत वाटायचं," ते सांगत, "की सगळ्यांचे वडील जमिनीतूनच ऑफिसला जातात."

संध्याकाळी फिरायला गेले की ते तिथे थांबत. एकदा मी विचारलं, "काका, तो मनोरा किती उंच असेल हो?"

"असेल बराच," ते म्हणाले.

मी दचकलोच. त्यांच्या तोंडून 'बराच' हे माप मी पहिल्यांदा ऐकलं.

मग एका सकाळी त्या लाल दारावर नोटीस लागली. बंबखाना पाडायचा, तिथे सात मजल्यांचं दुकानसंकुल उभारायचं. हरकती असतील त्यांनी एक महिन्याच्या आत कळवाव्यात. बिल्डर अगदी गोड माणूस. मोहल्ल्यात येऊन प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमच्या आठवणी आम्ही जपणारच. लिफ्टच्या बाजूला मोठा फोटो लावू."

समोरचा शिंपी भडकला. त्याचं दुकान तीन पिढ्या त्या लाल दारांकडे तोंड करून होतं. त्याने अर्ज लिहिला, घरोघर सह्या घ्यायचं ठरवलं. पण अडचण नकाशाची होती. एकतीस वर्षांपूर्वी पालिकेने जुन्या, पाडायच्या नाहीत अशा इमारतींची यादी केली होती आणि शहराच्या नकाशावर त्या इमारतींत तांबड्या तिरक्या रेघा भरल्या होत्या. पुढे कचेरी हलली तेव्हा पाण्याची टाकी फुटून यादीचा लगदा झाला. उरला तो नकाशा. आणि नकाशावर बंबखान्याच्या चौकोनात एकही तांबडी रेघ नव्हती. बिल्डरचं म्हणणं एवढंच: रेघ नाही, तर संरक्षण नाही.

"काका, तुम्ही तर त्यात जन्मलात," शिंपी अर्ज घेऊन आला. "पहिली सही तुमची."

बिनचूक यांनी अर्ज वाचला. "दुसऱ्या ओळीत पत्ता चुकलाय," म्हणून परत दिला. शिंप्याने पुन्हा लिहून आणला. "समास वाकडा आहे." तिसऱ्यांदा आणला तेव्हा कागदाचा आकारच चुकीचा निघाला.

"सही करायची नसेल तर तसं सांगा!" शिंपी ओरडला. "मी माणसांचे कपडे शिवतो, काका, नकाशाला झबलं शिवत नाही!"

बिनचूक आत गेले आणि त्यांनी दार लावलं. शिंपी माझ्याकडे बघून म्हणाला, "बिल्डरने यांचाही हात दोन्ही हातांत धरलेला दिसतो."

मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला खाली बोलावलं. बिनचूक पलंगावर बसले होते. चादर एका बाजूने जमिनीला टेकली होती आणि त्यांना ते दिसत नव्हतं. तेव्हा मी घाबरलो.

त्यांच्या मांडीवर एक जुनी कापडी पुठ्ठ्याची वही होती. साइटवर जाऊन इमारती बघायच्या, वहीत टिपायच्या, मग कचेरीत येऊन नकाशावर उतरवायच्या अशी त्या कामाची पद्धत. वही खात्यात जमा करायची असते. बिनचूक यांचा खात्यावर विश्वास नव्हता, म्हणून ते प्रत्येक वहीची दुबार प्रत करून, त्यावर मुख्य साहेबांची सही घेऊन घरी ठेवत. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. क्रमांक सत्तेचाळीस. बंबखाना. तांबड्या रेघा. खाली साहेबांची सही.

"म्हणजे यादीत होता!" मी ओरडलो. "काका, हे तर आपलं..."

"होता. मी भरला नाही."

"म्हणजे?"

"नकाशा मी काढला होता." ते वहीकडे बघत बोलत होते. "बावन्न इमारती. एक्कावन्न भरल्या. हा मुद्दाम शेवटी ठेवला. म्हटलं नवीन निब लावू, हात स्थिर असताना, सकाळच्या उजेडात करू. आपलं घर आहे. सगळ्यात चांगलं व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर नकाशा सहीला गेला होता. परत आला की भरू म्हटलं. परत आला तेव्हा पुढचं काम आलं होतं."

"आणि विसरलात?"

"हो. बंबखाना पालिकेचाच होता, कुणी पाडणार नव्हतं. मनातून गेलाच. नोटीस लागली त्या दिवशी वही काढली."

काकू कपाटाला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, आता तीस वर्षांच्या चुण्यांचा हिशेब होणार.

"वही जाळली तर कुणाला काही कळणार नाही," बिनचूक पुटपुटले.

"जाळा की," काकू म्हणाल्या. "फक्त राख सगळीकडे सारखी पसरा. एका बाजूला जास्त नको पडायला."

बिनचूक यांनी वही मिटली.

"मामंजी त्या खांबावरून घसरून आयुष्यभर आगीत गेले," काकू म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "तुम्हाला फक्त खुर्चीवरून उठून चार माणसांत बोलायचंय."

"चार नाहीत," बिनचूक म्हणाले. "सुनावणीला साठेक असतील."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि चादर ओढून सरळ केली. आकडा दुरुस्त केला म्हणजे माणूस जाणार, हे त्यांना कळलं होतं.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. पुढे अधिकारी बाई, बाजूला बिल्डर आणि त्याचा वकील, मागे आम्ही. बिनचूक इस्त्रीच्या सदऱ्यात उभे राहिले, वही टेबलावर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. नवीन निब, सकाळचा उजेड, सगळं. नकाशाखात्याचे जुने लोक मागच्या रांगेत होते. तिथून कुणीतरी हळूच "बिनचूक!" म्हटलं आणि हशा पिकला. काकांचे कान लाल झाले. शिंप्याने मागे वळून असं बघितलं की हशा मध्येच मोडला.

वकील उठला. मोठा हुशार माणूस. "तुमची ख्याती ऐकून आहे. चौतीस वर्षांत एकही चूक नाही?"

"असं लोक म्हणतात."

"आणि नेमकी एकच चूक, ती नेमकी तुमच्या स्वतःच्या घराची? फार सोयीची चूक आहे. की तुमच्या इतर नकाशांतही चुका आहेत?"

डाव साधा होता. 'नाहीत' म्हणावं तर ही गोष्ट बनावट ठरते. 'आहेत' म्हणावं तर माणूस संपतो.

"नाहीत," बिनचूक म्हणाले.

वकिलाने हात पसरले. मी डोळे मिटले.

"थांबा," बिनचूक म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली. "असतील. ही एकतीस वर्षं मला दिसली नाही. तशा आणखी असतील. सगळे नकाशे तपासून घ्या."

असं बोलताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही. शिंप्याने नाक शिंकरलं. धूळ फार आहे म्हणाला.

अधिकारी बाईंनी वहीवरची सही जुन्या कागदांशी ताडून पाहिली, आणि आठवड्याने निकाल दिला: नकाशा दुरुस्त करावा, पाडकामाची परवानगी रद्द. त्यांनी जुना मूळ नकाशा मागवला आणि मोठ्या मनाने काकांना म्हणाल्या, "राहिलेल्या रेघा तुम्हीच भरा ना, तुमच्या हाताने."

"चालणार नाही," बिनचूक म्हणाले. "ज्याने चूक केली त्याने ती दुरुस्त करायची नसते. दुसऱ्याने करायची, तिसऱ्याने तपासायची."

मग पालिकेतल्या एका मुलीने तो नकाशा संगणकावर घेतला, बटण दाबलं आणि बंबखाना क्षणात तांबडा झाला. रेघा एकदम सरळ होत्या. काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. चूक काढायला काही सापडलं नाही.

परत येताना शिंपी त्यांच्या शेजारून चालत होता. "काका, अर्जातला समास खरंच वाकडा होता का हो?"

"होता," बिनचूक म्हणाले.

बंबखाना उभा आहे. पालिका त्यात मोडक्या खुर्च्या ठेवते. बिनचूक यांच्या सांगण्यावरून त्यांचे सगळे नकाशे तपासले गेले. त्यात आणखी एकोणीस चुका निघाल्या.