शुगरवाल्याच्या खिशात साखर

सायकलनं मौद्याले आत्याकडे जाऊन येतो म्हटलं तर घरात कोणी गेल्यासारखी शांतता. आधी हाच रस्ता मी दर हिवाळ्यात मारत होतो. मग बी.ए.च्या शेवटल्या वर्षी शुगर निघाली. सुईवाली, जन्माची. डॉक्टर म्हणाले, सायकल चालव, फक्त खिशात गोड ठेव. आईले पहिलं ऐकू आलं नाही, दुसरं पटलं नाही. तिनं सायकल न्हाणीमागं साखळीनं बांधून टाकली.

वर्षभरानं मी किल्ली मागितली.

"कशाले जातं तिकडे?"

"पाय हायेत म्हणून."

किल्ली फेकली तिनं. हातात नाही दिली.

काचेची सिरिंज डब्यात, इन्सुलिनची शिशी ओल्या फडक्यात, खडीसाखरेची पुडी पिशवीत. सोबत कॉलेजचा दोस्त दिवाकर. प्रतापनगरातून उजाडता निघा, म्हणजे इतवारीत हातगाड्या आडव्या येत नाहीत. तिथंच तर्री-पोहे हाणून घ्या, दोन रुपयांत दोघांचं भागते. चहाची वेळ आली तर दिवाकर पोहेवाल्याले म्हणते, "याचा फिका, बिनसाखरेचा."

"माही जीभ हाये माह्याजवळ," मी म्हटलं.

"हो गा. पण तुह्या आईनं शपथ मले घातली."

पारडीच्या पुढं रस्ता मोकळा. बाभळी, ट्रक, अन् वारा समोरून. मांड्या पेटल्या. काय सांगू, वर्षभर हे अंग फक्त सुया टोचाच्या कामाचं होतं. आता ते मले ओढून नेऊन राहिलं होतं. दिवाकर मागून "अबे हळू" ओरडला, मी अजून जोरात मारली.

कन्हानच्या पुलावर हँडल वळवळायला लागलं. थंडीत घाम. ओठ बधिर. मले माहीत होतं हे काय: सुई रोजच्याइतकी, मेहनत दुप्पट, रक्तातली साखर खाली. पुडी उघडली.

फुटाणे.

आईनं पुडी बदलली होती.

दोन फुटाणे चावले, पण ते काय कामाचे. पूल उतरला की आत्याचं घर. दिवाकरनं दोन्ही सायकली ओढत नेल्या, मी त्याच्या खांद्याले धरून.

"जय भीम, ये बाबू. तुह्या आईचा निरोप आला कालच, येष्टीवाल्यासंगं, गोड देऊ नको म्हणून."

"आत्या, साखर दे."

"आल्या आल्या साखर? फिका चहा ठेवला ना तुह्यासाठी."

"आत्ता दे. पडतो मी."

"साखर खाऊनच तर पडशीन गा."

"देऊ नका आत्या," दिवाकर. "घाम पाहा त्याचा, शुगर वाढली."

कमी झाली, उलटं आहे, हे सांगाचं होतं. जीभ वळेना. दोघं जीव लावून मले मारून राहिले होते. फळीवर गुळाची भेली दिसली. मी उठलो. दिवाकरनं मनगट धरलं, मी त्याले ढकललं, भेली खाली पडून फुटली, अन् मी जमिनीवर बसून ढेकूळ दातांनी फोडत राहिलो. आत्या कपाळ बडवून राहिली होती.

थोड्या वेळानं घाम सुकला. भिंती जागेवर आल्या.

"आता चहा दे आत्या. फिका."

तिनं मले पाहिलं, मग दिवाकरले. "अजब बिमारी हाये बापा. एकदाचं ठरव ना, गोड पाह्यजे का नाही?"

"पायडल किती मारलं ते पाहून ठरवतो."

दिवाकर पुलापर्यंत एकटाच चालत जाऊन आला. मग म्हणे, "मले आधी काहून नाही सांगितलं बे?" रात्री त्याले सगळं समजावलं. सकाळी आत्याच्या चुलीवर सिरिंज उकळली, डॉक्टरनं मेहनतीच्या दिवसासाठी सांगितल्यापरमाणे सुई कमी घेतली, काल तेच विसरलो होतो. तुमच्यापैकी कोणाले सुई असेल तर डॉक्टरले विचारून निघा, पण निघा. अन् सोबत्याले आधी शिकवा.

येताना आत्यानं गूळ बांधून दिला. पारडीले थांबून मी ढेकूळ तोंडात टाकलं. दिवाकरनं पाण्याची बाटली पुढं केली.

घरी आईले सगळं सांगितलं. पुडीचंही. ती तांदूळ निवडत राहिली. पुढच्या रविवारी रामटेकले निघालो तर तिनं खडीसाखरेचा डबा काढला, जपून चार खडे माह्या हातावर ठेवले.

मी डबा खिशात उलटा केला.

साखळी अजून न्हाणीमागंच हाये. तिच्यानं आता बकरी बांधतो.