रहिमतपुरात गारठवलेली रॅम

रहिमतपूरच्या पेठेत वजीर मोमीन तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करत आले. हल्ली लॅपटॉपच जास्त यायचे, म्हणून साताऱ्यात कॉम्प्युटर शिकलेली मुलगी शाझिया दुकानात हाताशी असे.

त्या सकाळी शटर वर करायच्या आधीच नाथाजी सुभेदार पायरीवर बसलेले. सैन्यातून निवृत्त झालेला, ताठ मानेचा माणूस. आज दाढीचे खुंट वाढलेले, मांडीवर उघडा लॅपटॉप.

"वजीरभाई, जयराज परवापासनं घरात न्हाई. फोन घरीच टाकलाय. ह्यो तेवढा चार्जरला लावलेला, चालू घावला."

जयराज त्यांचा एकच मुलगा. सैन्यभरतीत तिसऱ्यांदा नापास झाला होता आणि आता वयही उलटलं होतं. लॅपटॉप तपासायला पंधरा दिवस लागतील, असं पोलीस म्हणाले होते.

शाझियानं लगेच चार्जर जोडला, जरा वेळ खटपट केली आणि तिचा चेहरा उतरला. "अब्बा, सगळी डिस्क कुलपात हाय. चालू हाय तवर किल्ली रॅममधी, तात्पुरत्या मेमरीत. बंद झाला की गेली."

"मग?"

"रॅम गार केली तर वीज तोडल्यावरबी किल्ली थोडा वेळ टिकती. तेवढ्यात काढून आपल्या मशिनात बसवायची. कॉलेजात एकदा केलंवतं. जमलं न्हवतं."

वजीरनी फळीवरचा गारठ्याचा स्प्रे उतरवला. तापला की बिघडणारा पार्ट हुडकायला ते तो वापरत. डबा हलवून पाहिला, अर्धाच होता.

"चुकलं तर?" नाथाजींनी विचारलं.

"तर ह्यातलं काय बी मिळायचं न्हाई."

नाथाजींनी डोळे मिटले. "मारा."

लॅपटॉपचं मागचं झाकण खोलून स्प्रे मारला, तसं रॅमच्या पट्टीवर पांढरं धुकं साचलं. शाझियानं वीज तोडली, वजीरनी पट्टी उपसली आणि दुसऱ्या मशिनात दाबली. मशीन नुसतंच टीं टीं करत राहिलं. पट्टी नीट बसलीच नव्हती. वजीरनी ती पुन्हा काढली, उरलासुरला स्प्रे तिच्यावर संपवला आणि अंगठ्यानं दाबली. आवाज थांबला.

किल्लीचे काही आकडे पुसले गेले होते. शाझियाचा प्रोग्राम ते जुळवत राहिला. तासभर कुणी पाणीसुद्धा प्यालं नाही.

डिस्क उघडली, तेव्हा आत मिरजेच्या एका लॉजचं बुकिंग होतं आणि वडलांना, 'आबा' म्हणून, लिहून न पाठवलेलं पत्र. पहिली ओळ वाचून वजीरनी स्क्रीन नाथाजींकडं फिरवली आणि स्वतः लॉजला फोन लावला. "खोलीचं दार फोडा. आत्ताच्या आत्ता."

जयराज बेशुद्ध सापडला. चार दिवस दवाखान्यात काढून वाचला. पण घरी आला नाही. पलूसला बहिणीकडं, क्रांतीकडं राहिला.

वजीर त्याला भेटायला गेले, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"माझा लॅपटॉप कुणी उघडला? आबांनी सांगितलं?"

"म्या उघडला," वजीर म्हणाले. "शिव्या द्यायच्या त्या मला दे."

जयराजनं पांघरूण डोक्यावर ओढलं. वजीर तिथंच बसून राहिले.