उजव्या बटणातली पाचर

हे मी आजवर एकीला सोडून कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांना, अप्पांनाही नाही — आणि मला अक्षरओळख करून दिली ती अप्पांनीच, पत्रकांवरून. लिहिताना हात दोनदा थांबलाय. थांबू दे.

तुम्ही मला ओळखत असाल तर बहुतेक कुसुममावशीच्या गोष्टीमुळे ओळखत असाल. चाकणच्या सभेत, कंपन्यांच्या गेटवर, कॉलेजच्या मुलांपुढे — कितीदा सांगितली असेल मी ती? तळवड्यातल्या, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एका लहान प्रेसशॉपमध्ये बोटं गमावलेली बाई. चौकशीत तिच्यासमोर मशीनमध्ये सापडलेली पाचर पुरावा म्हणून ठेवतात, कोणाचं तरी नाव घे म्हणून दबाव टाकतात. ती डाव्या हाताने तो पुरावा चुरगळून फेकते आणि नाव घेत नाही. इथे मी थांबायचे, मग म्हणायचे, "अशी असतात आपली माणसं." टाळ्या पडायच्या.

गोष्ट घडली. पण अशी नाही. आणि ती कशी घडली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आधी घडीबद्दल सांगायला हवं. अप्पा पिंपरीत युनियनमध्ये होते. आमच्या घरी संध्याकाळी पत्रकांचा गठ्ठा यायचा आणि आई, मी, धाकटी बहीण घड्या घालत बसायचो. अप्पांची घडी ठरलेली होती — आधी उभी, मग पुन्हा उभी, मग आडवी, आणि नखाने दाबून पक्की करायची. बोटाएवढी पट्टी व्हायची. हात मिळवल्यासारखं करून समोरच्याच्या मुठीत सरकवता यायची, गेटवरच्या वॉचमनला दिसायची नाही. ती घडी माझ्या हाताला इतकी बसली की अजून बसचं तिकीटही मी तसंच दुमडते.

बाविसाव्या वर्षी मी त्या प्रेसशॉपमध्ये लागले. जुनं मशीन होतं. दोन बटणं — एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहणार. साधी, चांगली सोय. पण त्याने वेळ जातो, आणि तासाचे नग तर भरलेच पाहिजेत. म्हणून सगळेच एका बटणात पाचर ठोकायचे. कोणी रबराचा तुकडा, कोणी पुठ्ठा. ते बटण दाबलेलं राहायचं, एक हात मोकळा. सुपरवायझरला दिसायचं. तो दुसरीकडे बघायचा. ऑडिटच्या दिवशी तोच ओरडत फिरायचा, "चला रे, खिशात घाला आपापली!"

कुसुममावशी पाचर लावायची नाही. चऱ्होलीची, पन्नाशीला आलेली, नग नेहमी कमी. सुपरवायझर टोमणे मारायचा, "मावशी, देवळात आलाय का? हात जोडून काम करताय." ती म्हणायची, "व्हय, जोडल्यालेच बरं. तोडल्यालं कोन जोडून देनार हाय?" आम्ही हसायचो.

शॉपमध्ये एकच नियम होता, कुठेही न लिहिलेला. मशीन सोडताना आपली पाचर आपण काढून न्यायची. काही झालं तरी.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत गेटवर आमची पत्रकं वाटायची होती — कामगारांच्या सुरक्षेवरची, मीच लिहिलेली. सकाळी माझा रबराचा तुकडा हरवला होता. मी काय केलं असेल? खिशातलं एक पत्रक काढलं, आमच्या घडीत दुमडलं, वर आणखी एक घडी मारली आणि उजव्या बटणाच्या फटीत ठोकलं. घट्ट बसलं. मला गंमतही वाटली. चहाची बेल झाली तशी मी गठ्ठा घेऊन पळाले. वाटताना कोणीतरी म्हणालं, "लई भारी लिहिलंय ताई," आणि मी सुट्टी संपल्यावरही तिथे रेंगाळले.

मशीन रिकामं दिसलं म्हणून सुपरवायझरने मावशीला त्यावर बसवलं. तिची सवय अशी की डावा हात आधीच डाव्या बटणावर टेकवायचा. उजवं दाबल्याशिवाय काही होत नाही, मग भीती कसली? उजव्या हाताने ती पत्रा आत सरकवत होती, तेवढ्यात डावं दाबलं गेलं आणि प्रेस खाली आली.

दोन बोटं पूर्ण गेली. तिसरं अर्धं.

पाचर मी लावली होती. काढायला विसरले, असं म्हणता आलं असतं. पण विसरायला आधी मनात यावं लागतं. माझ्या मनात ती आलीच नाही. मनात टाळ्या होत्या.

हा झाला अपराधाचा अर्धा भाग. लहान अर्धा.

कंपनी म्हणाली, पाचर मावशीनेच लावली, स्वतःचा निष्काळजीपणा, कामावरून कमी करणार. खरं सांगितलं असतं तर? पाचर माझी, सगळेच लावतात, सुपरवायझरला माहीत आहे — एवढी तीन वाक्यं. मावशीची बाजू उभी राहिली असती. फक्त पहिलं वाक्य मला उच्चारावं लागलं असतं. मी त्याऐवजी दोन दिवसांत पत्रक काढलं. बटण जुनं होतं, आपोआप अडकलं. पाचरबिचर काही नव्हती, ती कंपनीने मागाहून रचली. जळजळीत लिहिलं होतं. अप्पांनी पाठ थोपटली.

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. चौकशीत तिच्या बाजूने सहकारी म्हणून मीच बसले. वही घेऊन.

सुपरवायझरने ती पाचर टेबलावर ठेवली, सावकाश उलगडली आणि म्हणाला, "घ्या, तुमचंच पत्रक. आता म्हणा, हेही कंपनीनेच छापलं." माझं खोटं तिथेच उघडं पडलं आणि मावशीची बाजू त्याच्यावरच उभी होती म्हणून तीही खोटी ठरली. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुमच्याआधी मशीनवर कोण होतं?" त्याला हजेरीवरून कळलं असतं. पण त्याला बघायचं नव्हतं, फक्त विचारायचं होतं.

मावशीने तो कागद डाव्या हाताने जवळ ओढला. चुरगळला नाही. घडीवर घडी, जशी होती तशी, एका हाताने सावकाश परत घातली. आणि ती पट्टी सरकवली — अधिकाऱ्याकडे नाही. माझ्याकडे. माझ्या वहीच्या कडेपर्यंत.

मग म्हणाली, "पानी दे गं."

मी उठून पेला भरून दिला. ती प्यायली. अधिकारी घड्याळ बघत होता. ती म्हणाली, "आजून दे." मी दुसरा भरला. तोही ती घोट घोट प्यायली. मी वहीत लिहीत राहिले. काय लिहीत होते? तारीख. तीच तारीख, पुन्हा पुन्हा गिरवत होते. मान वर केली नाही.

पेला खाली ठेवून ती म्हणाली, "ध्यानात न्हाई सायेब."

तिला काढलं. कारण लिहिलं, स्वतःचा निष्काळजीपणा. आणि मी त्यातून एक गोष्ट बनवली आणि सात वर्षं टाळ्या घेतल्या.

मागच्या महिन्यात चाकणला एका खोलीत नव्या मुलींपुढे मी तीच गोष्ट सांगितली. परभणीकडची एक मुलगी, नुकतीच कामाला लागलेली, तिने विचारलं, "पण ताई, पाचर लावली कोणी होती मग?" मी म्हणाले, "व्यवस्थेने." खोलीत टाळ्या पडल्या. तिने मात्र वाजवल्या नाहीत. ती उत्तराची वाट बघत होती.

रविवारी मी चऱ्होलीला गेले. मावशी आता समोरच्या सोसायटीचे जिने पुसते. दारात मेथी निवडत बसली होती, डाव्या हाताने. मी उभ्यानेच सांगितलं, "मावशी, ती पाचर माझी होती."

"व्हय," ती म्हणाली. "तुझ्याबिगर तशी घडी कोन घालतंय?"

मी विचारलं — विचारायला नको होतं — "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने जुडी खाली ठेवली नाही. "म्या कशाला बोलू? तू बोलशील म्हनून थांबले हुते. दोन पेले पानी प्याले त्या दिशी. तहान न्हवती मला."

पाचर मी लावली होती. पेलेही मीच भरून दिले होते.